मसाल्याचा चहा आणि गुणवत्तेची कसोटी : धारूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बीड जिल्ह्यातील धारूर हे बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेले ऐतिहासिक गाव होय. आदिलशाही सरदार किश्वरखान याने सोळाव्या शतकात येथे किल्ला बांधला. पुढे हा किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला, नंतर हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यात समाविष्ट झाला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर तो भारतीय संघराज्याचा भाग बनला. धारूरचा इतिहास साधारणपणे किल्ला, लढाया आणि राजवटी यांच्या अंगाने सांगितला जातो. तथापि, सामान्य माणसाच्या दैनंदिन जीवनाचा इतिहासही तितकाच महत्त्वाचा असतो. या दैनंदिन जीवनात चहाला आज जे स्थान आहे ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नव्हते. जो पदार्थ एकेकाळी परका, महाग आणि संशयास्पद मानला गेला, तोच आज ऊसतोड कामगाराच्या कोपीपासून महाविद्यालयाच्या प्राध्यापक कक्षापर्यंत दिवसाची सुरुवात ठरतो.

या परिसरात प्यायला जाणारा चहा निव्वळ चहाच्या पानांचा नसतो. त्यात दूध व साखर अथवा गूळ असतो. ऋतुमानाप्रमाणे आले, सुंठ, वेलची, तुळस किंवा गवती चहाची पात घातली जाते. म्हणजेच तो मिश्र आणि स्वादयुक्त चहा असतो. असे असूनही चहाच्या गुणवत्तेविषयी जे शास्त्र विकसित झाले, ते प्रामुख्याने कोऱ्या, बिनसाखरेच्या चहाचे आहे. जो चहा कोट्यवधी लोक पितात त्याची गुणवत्ता ठरवावी कशी, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१. मसाला मिसळलेल्या चहाविषयीच्या मतभेदांची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२. चहाच्या गुणवत्तेच्या व्यापारी, कायदेशीर व घरगुती कसोट्यांचा तुलनात्मक विचार करणे.
३. धारूरसारख्या ग्रामीण परिसरातील ग्राहकाच्या दृष्टीने या कसोट्यांची उपयुक्तता तपासणे.

१. मसाल्याच्या चहाचा जुना वाद :

चहात अन्य पदार्थ मिसळणे ही आधुनिक काळातील विकृती आहे, असा एक समज आढळतो. इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. आठव्या शतकात चीनमधील लू यू याने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या काळी चहात कांदापात, आले, खारीक-बोराच्या जातीची फळे, संत्र्याची साल, पुदिना असे पदार्थ घालून तो उकळण्याची प्रथा लोकांत रूढ होती. लू यू याला ती मान्य नव्हती. असा चहा म्हणजे गटारात फेकण्याचे पाणी होय, असा त्याचा अभिप्राय होता. अकराव्या शतकातील त्साय श्यांग याने अधिक सूक्ष्म मत मांडले. चहाला स्वतःचा गंध असतो. परंतु राजदरबारी पाठविल्या जाणाऱ्या चहात सुगंध वाढविण्यासाठी भीमसेनी कापरासारखे द्रव्य मिसळले जाते. ज्या प्रदेशात चहा पिकतो तेथील लोक मात्र त्याची परीक्षा करताना असे काही घालत नाहीत, कारण त्यामुळे चहाचा मूळ गंध हरवतो, असे त्याने नोंदविले. चहा पिण्याची रीत आणि चहाची परीक्षा करण्याची रीत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद त्याच्या विवेचनात स्पष्ट दिसतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा भेद मूलभूत आहे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील पुरावेही लक्षणीय आहेत. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने तेथील रोजच्या बैठकांत चहा घेतला जात असल्याचे आणि तो पोट साफ ठेवणारे औषधी पेय मानला जात असल्याचे लिहिले आहे. १६८९ मध्ये सुरतेत असलेला इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन याने तर पाण्यात उष्ण मसाले घालून उकळलेल्या चहाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. डोकेदुखी, मूतखडा व पोटातील मुरडा यांवर असा चहा गुणकारी समजला जाई. तो खडीसाखर घालून अथवा मुरवलेल्या लहान लिंबांसह घेतला जाई. आसाममध्ये चहाचे मळे उभे राहण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची ही नोंद आहे. त्यामुळे मसाल्याचा चहा हा इंग्रजी चहाचा बिघडलेला अवतार आहे, असे म्हणता येत नाही. या देशात चहा आला तो काढ्याच्या रूपात आणि त्याची पहिली कसोटी होती ती गुणकारीपणाची. आजही थंडीच्या दिवसांत किंवा घसा धरल्यावर घरात आल्याचा अथवा गवती चहा केला जातो, त्यामागे याच कसोटीचे सातत्य दिसून येते.

२. मराठी समाजातील पहिली कसोटी :

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी मराठी समाजात चहाचा प्रवेश झाला, तेव्हा त्याची परीक्षा चवीवरून झाली नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये घडलेला प्रसंग सर्वपरिचित आहे. गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने जमलेल्या मंडळींना तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. न्या. महादेव गोविंद रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखी मंडळी उपस्थितांत होती. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली, ग्रामण्य माजले, शंकराचार्यांकडून चौकशी झाली आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. तो चहा कडक होता की फिका, याची चर्चा कोणी केली नाही. तो कोणाच्या हातचा होता, हाच एकमेव प्रश्न होता.

हातचा चहा ही कसोटी ग्रामीण भागात दीर्घकाळ टिकली. हॉटेलात दलितांसाठी वेगळे कप-बशी ठेवण्याची प्रथा हे त्याचेच रूप होय. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशाबाबतचा भेदभाव निषिद्ध ठरविला. १९५५ च्या अस्पृश्यता विषयक कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहातील भांड्यांच्या वापरास मज्जाव करणे हा गुन्हा मानला. चहाच्या गुणवत्तेचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरून चालणार नाही. उत्तम चहा म्हणजे काय, हा प्रश्न विचारण्यापूर्वी तो कोणाला, कोणत्या कपात मिळतो, हा प्रश्न आपल्या समाजात उभा होता. चव ही सर्वांना समान उपलब्ध असलेली गोष्ट नव्हती.

३. चहापरीक्षकाचे मेज :

चहाच्या गुणवत्तेचे आधुनिक शास्त्र लिलावाच्या बाजारात घडले. आसामच्या चहाचा पहिला लिलाव १० जानेवारी १८३९ रोजी लंडनमध्ये झाला. कोलकात्यात २७ डिसेंबर १८६१ पासून लिलाव सुरू झाले. मळ्यातील माल खरेदीदाराला दूर अंतरावरून घ्यावयाचा असल्याने नमुन्यावरून दर ठरविणारा तज्ज्ञ आवश्यक ठरला. यातून चहापरीक्षकाचा व्यवसाय उदयास आला. तो कोरड्या पत्तीचा आकार व रंग पाहतो, पाण्यात मुरलेल्या पानांचा गंध घेतो आणि शेवटी द्रव तोंडात जोराने ओढून त्याची चव घेतो. द्रवाचा तेजस्वीपणा, जिभेवरील तरतरी, भरीवपणा आणि रंग यांसाठी या व्यवसायाची स्वतंत्र परिभाषा तयार झाली.

पुढे या पद्धतीला आंतरराष्ट्रीय प्रमाण मिळाले. १९८० च्या आयएसओ ३१०३ या मानकानुसार दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्यास २ ग्रॅम चहा घेऊन तो सहा मिनिटे मुरू दिला जातो. भांडे चिनी मातीचे अथवा तत्सम झिलईदार असते. दूध घालून परीक्षा करावयाची असल्यास त्याचेही अल्प व निश्चित प्रमाण दिलेले आहे. साखरेला त्यात स्थान नाही. येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. उत्तम चहा कसा करावा हे हे मानक सांगत नाही. दोन नमुन्यांची तुलना समान परिस्थितीत व्हावी, एवढाच त्याचा हेतू आहे. त्साय श्यांगने नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलेला पिण्याच्या व परीक्षेच्या रीतीतील भेद येथे शास्त्रीय स्वरूपात अवतरला आहे.

मिश्रणाची कलाही याच मेजावर विकसित झाली. बाजारातील पुडीबंद चहा हा सहसा एका मळ्याचा नसतो. ऋतू बदलला की पानाची चव बदलते. परंतु ग्राहकाला बारमाही एकच चव अपेक्षित असते. त्यामुळे अनेक मळ्यांचे चहा विशिष्ट प्रमाणात एकत्र करून ठराविक चव राखली जाते. थॉमस लिप्टन याने निरनिराळ्या शहरांतील पाण्यानुसार मिश्रणे तयार केली होती, ही बाब या संदर्भात उद्बोधक आहे. ज्याला ग्राहक शुद्ध चहा समजतो तोही वस्तुतः मिश्रणच असतो. म्हणून मिश्रण म्हणजे हीन दर्जा, हे समीकरण मुळातच चुकीचे आहे. मिश्रण जाहीर आहे की लपविलेले, आणि ते चव राखण्यासाठी आहे की खोट झाकण्यासाठी, हा खरा प्रश्न आहे.

४. प्रचारयंत्रणा आणि मसाल्याचा विजय :

१९०३ च्या चहा उपकर कायद्यामुळे चहाच्या प्रचारासाठी नियमित निधी उपलब्ध झाला. आरंभी हा प्रचार परदेशी बाजारपेठेवर केंद्रित होता. १९३० च्या दशकातील मंदीच्या काळात देशी ग्राहकाकडे अधिक लक्ष वळले आणि १९३७ मध्ये इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड या नावाने ही यंत्रणा कार्यरत झाली. रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतून चहा करण्याची योग्य कृती सांगणारे फलक लावण्यात आले. ही योग्य कृती म्हणजे किटलीत पत्ती मुरवून वरून थोडे दूध घालण्याची इंग्रजी पद्धत होती.

भारतीय चहावाल्याने मात्र ही शिकवण अर्धीच स्वीकारली. त्याने पत्ती घेतली. परंतु ती दूध, साखर आणि मसाल्यासह उकळली. प्रचारकांना ही गोष्ट रुचली नाही, कारण दूध आणि मसाला वाढला की पत्ती कमी लागते आणि पत्तीची विक्री हेच त्यांचे उद्दिष्ट होते. याचा अर्थ असा की, मसाल्याच्या चहाला अयोग्य ठरविणारे मत निव्वळ चवीचे नव्हते. त्यामागे व्यापारी हितसंबंध होते.

याच काळात तंत्रज्ञानातही बदल घडला. १९३० च्या सुमारास विल्यम मॅकरचर याने आसाममध्ये पान चिरडणे, फाडणे व वळणे या क्रिया एकत्र करणारे यंत्र तयार केले. त्यातून निर्माण झालेला दाणेदार सीटीसी चहा लवकर रंग सोडतो, दुधात टिकतो आणि थोड्या पत्तीत अधिक कप देतो. स्वातंत्र्योत्तर काळात या चहाचा प्रसार झाल्यानंतरच चहा खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांचे पेय बनला, असे फिलिप लुटगेनडॉर्फ यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पुण्यातील अमृततुल्य दुकानांत खलबत्त्यात कुटलेली वेलची व आले घालून पितळी पातेल्यात उकळला जाणारा चहा असो किंवा मराठवाड्यातील हातगाड्यावरचा चहा असो, दोन्ही या दाणेदार चहावरच उभे आहेत.

५. धारूर परिसरातील चहा आणि त्याची परिभाषा :

धारूर परिसर १९४८ पर्यंत हैदराबादच्या आणि १९५६ पासून मुंबईच्या राज्यकारभाराशी जोडला गेला. चहाच्या संदर्भात ही दोन्ही शहरे इराणी हॉटेलांसाठी प्रसिद्ध होती. हैदराबादी इराणी चहात पत्तीचा अर्क बंद भांड्यात मंद आचेवर तयार ठेवतात, दूध स्वतंत्रपणे आटवतात आणि दोहोंचा संयोग कपातच होतो. मराठवाड्यातील घरोघरचा चहा याहून वेगळा आहे. येथे आधण ठेवून त्यात पत्ती, साखर व आले घालतात, मग दूध ओततात आणि सर्व एकत्र उकळतात. दूध नसल्यास कोरा चहा होतो. साखर नसल्यास गूळ वापरला जातो.

या कृतीमध्ये अनुभवसिद्ध ज्ञान सामावलेले आहे. आले प्रथम पाण्यात उकळावे आणि दूध नंतर घालावे, असे घरातील जाणती स्त्री सांगते. ताज्या आल्यात प्रथिनांचे विघटन करणारे विकर असते. ते उष्णतेने निष्क्रिय होण्यापूर्वी दूध घातल्यास दूध फाटते. गुळाच्या चहात गूळ शेवटी, भांडे उतरवल्यावर घालण्याची पद्धतही दूध नासू नये या अनुभवातूनच आली आहे. चहाचा तुरटपणा दुधाने कमी होतो, कारण दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांशी बांधली जातात. प्रयोगशाळेने हे स्पष्टीकरण नंतर दिले. चुलीपुढे ते आधीपासून ठाऊक होते.

गुणवत्तेची परिभाषाही बोलीत उपलब्ध आहे. कडक, फिका, पाणचट, फुळकवणी, गुळचट, तुरट, कडवट हे शब्द चहाच्या निरनिराळ्या अवस्था नेमकेपणाने दर्शवितात. रंग धरला, आले पुढे आले, वेलचीने चहा खाल्ला, जास्त उकळून कडू झाला, अशी वाक्ये सहज बोलली जातात. यांपैकी ‘आले पुढे आले’ हे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. मसाल्याने चहाच्या पुढे जाऊ नये, ही अपेक्षा त्यात गृहीत आहे. चहापरीक्षक ज्याला समतोल म्हणतो, तोच निकष येथे घरगुती भाषेत व्यक्त झालेला दिसतो. म्हणून ग्रामीण ग्राहकाला चहाची पारख नसते, हे विधान स्वीकारता येत नाही. त्याची पारख ग्रंथात नोंदली गेलेली नाही, एवढेच म्हणता येईल.

गवती चहा हे या परिसरातील स्वादयुक्त चहाचे सर्वांत परिचित उदाहरण होय. परसातील ही पात लिंबासारखा गंध देते. हा गंध तिच्यातील सिट्रल या द्रव्याचा असतो. मराठी भाषेने तिला चहा म्हटले. परंतु वनस्पतिशास्त्र आणि कायदा यांच्या दृष्टीने ती चहा नाही. अन्नसुरक्षेच्या प्रचलित नियमांनुसार चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या वनस्पतीपासून तयार केलेला पदार्थ. भाषेतील चहा आणि कायद्यातील चहा यांत असे अंतर आहे.

६. कायद्याची कसोटी आणि भेसळीचा प्रश्न :

चहातील भेसळ ही जुनी आणि जागतिक समस्या आहे. १८२० मध्ये फ्रेडरिक अॅकम याने लंडनमधील खाद्यपदार्थांच्या भेसळीवर लिहिलेल्या ग्रंथात बनावट चहाचा विचार केला होता. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमध्ये परदेशी ग्राहकांसाठीच्या हिरव्या चहास निळे रंगद्रव्य व जिप्सम यांनी रंग देताना कारागिरांना पाहिले. ग्राहकाला जो रंग आवडतो तो त्याला पुरविला जातो, हा धडा यातून मिळतो.

भारतात अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ मध्ये संमत झाला. पुढे त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि त्याखालील नियम २०११ मध्ये लागू झाले. चहासाठी एकूण राख ४ ते ८ टक्के असावी, उकळत्या पाण्यात उतरणारा अर्क किमान ३२ टक्के असावा, अशी प्रमाणे ठरविण्यात आली. अर्काच्या अटीमागील तर्क सोपा आहे. एकदा वापरलेला चोथा वाळवून पुन्हा विकल्यास त्यातून पुरेसा अर्क उतरत नाही. टाकाऊ चहाच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवण्यासाठी १९५९ मध्ये स्वतंत्र आदेशही काढण्यात आला होता. स्वादयुक्त चहाच्या उत्पादकाने चहा मंडळाकडे नोंदणी करावी आणि स्वादाचे नाव व प्रमाण वेष्टनावर नमूद करावे, अशीही तरतूद आहे.

या तरतुदी स्वागतार्ह आहेत. तथापि, त्यांची व्याप्ती वेष्टनापाशी संपते. ज्या ग्राहकाकडे वेष्टनच नसते त्याचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. धारूर तालुका हा ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतरासाठी ओळखला जाणाऱ्या बालाघाट पट्ट्याचा भाग आहे. दिवाळीच्या सुमारास कामगारांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पहाटेच्या अंधारात फडात जाण्यापूर्वी पोटात जातो तो बहुधा चहाच. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडणाऱ्या कुटुंबाची खरेदी अल्प प्रमाणात, सुट्या पुडीच्या रूपात होते. सुट्या चहाला वेष्टन नाही, तारीख नाही आणि उत्पादकाचे नावही नाही.

येथेच मसाल्याचे दुसरे रूप पुढे येते. घरातील स्त्री आले घालते ते चव वाढविण्यासाठी आणि थकवा घालविण्यासाठी. अप्रामाणिक विक्रेता मात्र तीव्र कृत्रिम स्वाद व कोळशाच्या डांबरापासून बनविलेले रंग वापरतो ते जुनी, वास गेलेली किंवा एकदा वापरलेली पत्ती खपविण्यासाठी. लू यूपासून चहापरीक्षकापर्यंत जाणकारांना मसाल्याविषयी जो संशय वाटत आला, तो या दुसऱ्या रूपाच्या बाबतीत निराधार नाही. एकच वेलची एका ठिकाणी गुण वाढविते आणि दुसऱ्या ठिकाणी दोष झाकते. म्हणून मसाल्याचा सरसकट निषेध जसा अयोग्य आहे, तसाच त्याचा सरसकट गौरवही अयोग्य आहे.

७. स्वादयुक्त चहाच्या परीक्षणाचा क्रम :

वरील विवेचनाच्या आधारे मिश्र व स्वादयुक्त चहाच्या परीक्षणाचे तीन टप्पे मांडता येतात. हे टप्पे महागड्या उपकरणांशिवाय घरात अथवा महाविद्यालयात अवलंबता येण्यासारखे आहेत.

(अ) मूळ पत्तीची परीक्षा : प्रथम मसाला, दूध व साखर न घालता चहा करून पाहावा. आयएसओ मानकातील २ ग्रॅम पत्ती, १०० मिलिलिटर पाणी आणि सहा मिनिटे हे प्रमाण यासाठी पुरेसे आहे. द्रव स्वच्छ व तेजस्वी असावा, तो गढूळ अथवा निर्जीव नसावा. कुबट, धुरकट किंवा अनोळखी वास येऊ नये. पत्ती ओलसर गाळण कागदावर पसरून कागद धुतल्यास डांबरी रंगाचे डाग उमटतात की नाही, हे पाहता येते. कोरडी पत्ती लोहचुंबकाजवळ नेल्यास लोखंडाचा कीस ओळखता येतो. थंड पाण्यात टाकताच गडद रंग सोडणारी पत्ती संशयास्पद मानावी.

(आ) स्वादाची परीक्षा : दुसऱ्या टप्प्यात स्वाद घातलेला चहा तपासावा. आले, वेलची किंवा गवती चहा यांचा गंध जाणवावा; परंतु चहाचा तुरटपणा व भरीवपणा शिल्लक राहावा. स्वाद केवळ वाफेत जाणवतो आणि घोटात जाणवत नाही, किंवा घोट गेल्यानंतर तोंडात साबणासारखी अथवा औषधासारखी चव रेंगाळते, तर स्वाद कृत्रिम किंवा अतिरिक्त असण्याची शक्यता असते. तयार मसाला चहाची तुलना, तीच पत्ती घेऊन ताजा मसाला घातलेल्या चहाशी करावी. दोहोंतील फरकावरून पुष्कळ गोष्टी उघड होतात.

(इ) उपयोगाची परीक्षा : अखेरीस चहा ज्या रीतीने प्यायला जातो त्याच रीतीने करून पाहावा. दूध व साखरेसह उकळल्यावर त्याचा रंग टिकतो का, तो थोड्या वेळाने फिका किंवा कडवट होतो का, आणि किती पत्तीत किती कप होतात, हे पाहावे. नाजूक सुगंधाचा दार्जिलिंग चहा या परीक्षेत उतरणार नाही. दाणेदार आसाम चहा उतरेल. याचा अर्थ पहिला हलका आणि दुसरा श्रेष्ठ असा होत नाही. दोहोंची प्रयोजने भिन्न आहेत, एवढेच यातून सिद्ध होते.

या तिन्ही टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. मूळ पत्ती खोटी असेल तर पुढील दोन टप्पे निरर्थक ठरतात. परंतु केवळ पहिल्या टप्प्यावर थांबणेही पुरेसे नाही, कारण कोणीही साध्या जीवनात चहा त्या रीतीने पीत नाही.

समारोप :

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मसाला मिसळलेला चहा ही चहाची विकृती नसून किमान सतराव्या शतकापासून पश्चिम भारतात ज्ञात असलेली स्वतंत्र परंपरा आहे.

२. चहाच्या गुणवत्तेच्या कसोट्या कालानुरूप बदलत गेल्या. आरोग्य, शुद्धाशुद्धता, बाजारमूल्य आणि कायदेशीर निर्भेळता या कसोट्या वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या वर्गांच्या गरजेतून पुढे आल्या.

३. चहापरीक्षकाची पद्धत मूळ पत्तीच्या परीक्षेसाठी अपरिहार्य आहे. मात्र स्वादयुक्त चहाचा अंतिम निर्णय ती देऊ शकत नाही. त्यासाठी घरगुती अनुभवाची व बोलीतील परिभाषेची जोड आवश्यक आहे.

४. कायद्याने दिलेले संरक्षण वेष्टनबंद चहापुरते परिणामकारक ठरते. सुटा चहा घेणारा श्रमिक ग्राहक त्यापासून बऱ्याच अंशी वंचित राहतो.

शेवटच्या निष्कर्षाच्या संदर्भात ग्रामीण महाविद्यालयांना करता येण्यासारखे कार्य आहे. रसायनशास्त्र, गृहविज्ञान व इतिहास विभागांनी एकत्र येऊन राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून चहाच्या साध्या चाचण्यांची प्रात्यक्षिके घेतल्यास त्याचा थेट लाभ गावाला होऊ शकेल. त्याचबरोबर चहाविषयीची बोलीतील शब्दसंपदा व पाककृती यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. ऊसतोडीसाठी गाव सोडण्यापूर्वीचे दिवस अशा प्रात्यक्षिकांसाठी अधिक उपयुक्त ठरतील, कारण पुढील सहा महिन्यांची शिधासामग्री त्याच सुमारास बांधली जाते. किल्ल्याच्या तटबंदीइतकाच चुलीवरच्या भगुण्याचाही इतिहास असतो. तो लिहिला गेला तर उत्तम चहा कोणता, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार तो रोज पिणाऱ्यांकडेही येईल.